एका घोडीच्या पायावर तीन सुजा : थांबेल कोणती, थांबणार नाही कोणती

प्रश्न : माही घोडी नऊ वर्षांची आहे, वरातीत जाते. चातुर्मासात कामं नव्हती म्हणून तबेल्यातच बांधून होती. मागच्या दोन्ही पायांच्या खालच्या सांध्याजवळ मऊ मऊ फुगे आले आहेत, दोन-तीन महिने झाले असतीन. समोरच्या डाव्या पायाले गुडघ्याखाली आतल्या बाजूनं सुपारीएवढी टणक गाठ लागते, ते कधीची आहे माहीत नाही. आणि चार दिवसांपासून मागचा उजवा पाय मागच्या गुडघ्यापासून खालपर्यंत जाड झाला. खाते-पिते, पण त्या पायावर वजन कमी देते असं वाटते. एकजण म्हणते बिब्बा घाल, एकजण म्हणते डाग दे, दुकानदारानं सुजेच्या गोळ्या देल्ल्या. तुळशीचं लगन झालं की सीझन सुरू होईन. हे नेमकं काय आहे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, एकाच पत्रात तुम्ही तीन वेगळ्या सुजा लिहिल्या आहेत. तिघींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. मऊ फुगे आणि समोरची सुपारी आठवडाभर थांबली तरी बिघडत नाही. चार दिवसांचा जाड पाय मात्र उद्यावर टाकू नका. बिब्बा, डाग आणि सीझन यांचं नंतर बघू. पत्र वाचून झाल्या झाल्या थर्मामीटर काढा.

घोडी सावलीत अर्धा-पाऊण तास शांत उभी राहिलेली असावी, किंवा पहाटे खुराकाआधी बघा. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याला सुतळी बांधा, म्हणजे आत जाणार नाही की खाली पडणार नाही. टोकाला व्हॅसलीन लावा. घोडीच्या मागे उभं न राहता तिच्या कमरेला खेटून बाजूला उभं राहा आणि थर्मामीटर गुदद्वारात आतल्या कडेला टेकवून धरा. मधे लीद असेल तर आकडा कमी येतो. मोठ्या घोड्याचं तापमान 99.5 ते 101.3 अंश फॅरनहाइट असतं. 102 च्या वर गेलं तर आजच डॉक्टर लागेल. दुकानदाराच्या गोळ्या दिल्या असतील तर 100 दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या गोळ्या ताप आणि लंगडणं दोन्ही झाकतात, आजार मात्र आत चालूच राहतो. शेवटची गोळी किती वाजता दिली ते लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

आता पायाकडे. शब्दांचा घोळ आधी मिटवू. तुम्ही ज्याला मागचा गुडघा म्हणता तो हॉक. त्याच्याखाली नळीचं हाड, मग फेटलॉकचा सांधा (मागे केसांचा झुबका असतो तो), मग खुरापर्यंतचा उतरता भाग, आणि शेवटी खूर. एक गोष्ट लक्षात घ्या, हॉकच्या आणि समोरच्या गुडघ्याच्या खाली घोड्याला मांस जवळपास नाहीच. हाड, शिरा, दोरखंडासारखे स्नायुबंध आणि वर कातडी, बस. त्यामुळे तिथे आलेली सूज मांसाची नसते. ती पाण्याची असते, नाहीतर सांध्याच्या किंवा स्नायुबंधाच्या पिशवीतली, नाहीतर हाडाची. बोटानं हे तिन्ही वेगळे ओळखता येतात.

सूज पायाची असली तरी सुरुवात खुरापासून करा. पाय जाड दिसतो म्हणून सगळे नळी चोळत बसतात आणि खुराच्या आत पू असतो, हे फार होतं. फेटलॉकच्या मागे दोन्ही कडांना बोटाखाली दोरीसारखी शीर सरकते, तिच्यावर हलकं बोट ठेवा. निरोगी पायात ठोका जेमतेम लागतो, शोधावा लागतो. उजव्या पायात तो टणटण लागत असेल आणि डाव्यात लागत नसेल, तर दुखणं खुरात असण्याची शक्यता मोठी. खुराचा तळ खरवडून स्वच्छ करा, नालेच्या प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर हातोडीनं हलकं ठोका. ठराविक एका खिळ्यावर पाय झटकला तर तो खिळा काढायला नालबंद बोलवा. मागच्या आठ-दहा दिवसांत नाल बसवली असेल तर ही शक्यता पहिली धरायची. खुरातल्या पूला खालून वाट मिळाली नाही की तो वर चढतो आणि खुराच्या वरच्या कडेला, केसांच्या रेषेत फुटतो. तोवर फेटलॉकपर्यंत पाय सुजलेला असतो.

खूर ठीक असेल तर जखम शोधा. केस कोमट पाण्यानं भिजवा आणि हॉकपासून खाली उलट्या दिशेनं बोटं फिरवा. नजरेपेक्षा बोटाला खपली लवकर लागते. तीन जागा मुद्दाम बघा. पहिली, पिछाडीचा दोर जिथे घासतो तिथली कातडी. चार महिने दावणीला असलेल्या घोडीला इथे हमखास काचलेलं असतं. दुसरी, फेटलॉकच्या मागची घडी. पावसाळ्यात चिखल-लिदीत उभं राहून तिथे भेगा पडतात आणि खपल्या धरतात. तिसरी, हॉक आणि फेटलॉक या सांध्यांच्या आसपास. आपल्याकडे बाभळीचा काटा पायात जाणं नवीन नाही. तो दीड-दोन इंच आत जातो आणि बाहेर फक्त टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवतो.

तो ठिपका सांध्याजवळ असेल, त्यातून पिवळसर, बोटाला चिकटून तार निघेल असं पाणी येत असेल, किंवा घोडी तो पाय टेकतच नसेल, तर पुढचं काही वाचू नका, डॉक्टर बोलवा. ते पाणी सांध्यातलं वंगण असतं. सांध्यात किंवा स्नायुबंधाच्या पिशवीत जंतू गेले की हिशेब तासांचा असतो. पहिल्या दिवसात सांधा धुवून योग्य औषध मिळालं तर घोडी पुन्हा कामाला उभी राहू शकते. चार दिवसांनी तीच गोष्ट फार अवघड होते. अशा ठिपक्यावर हळद भरू नका, दाबून पू काढू नका, काटा खोल रुतलेला दिसत असेल तर ओढू नका. काटा किती आणि कोणत्या दिशेनं गेला ते डॉक्टरांना बघू द्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र जखम लहान असो की मोठी, विचाराच. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर दुसरं नाही.

यातलं काही सापडलं नाही, तर सूज बघा. अंगठा नळीवर दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. कणकेसारखा खड्डा राहिला तर कातडीखाली पाणी आहे. मग हाताची उलटी बाजू आधी डाव्या पायावर, मग उजव्यावर लावा. तळहातापेक्षा उलट्या हाताला उष्णता जास्त कळते. उन्हात उभ्या घोडीवर हे करू नका. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हातही पाय नुसता तापून गरम लागतो. पायाची गरमी नेहमी शेजारच्या पायाशी तोलायची, हवेशी तोलायची नाही.

एकच मागचा पाय, अचानक, भरभर जाड होऊन पार खांबासारखा झालेला, गरम, हात लावला की दुखतो, आणि अंगात ताप : याला कातडीखालच्या थराचा आणि लसवाहिन्यांचा (पायातलं जादा पाणी वर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचा) जंतुसंसर्ग म्हणतात. पत्रातलं वर्णन याच्याशी सगळ्यात जास्त जुळतं. एका बारीक ओरखड्यातून जंतू आत जातात. नुसतं उभं राहून पायातलं पाणी आधीच सावकाश वर चढत असतं, कारण लसवाहिन्यांना ढकलायला खाली मांस नाही, चालणं हाच त्यांचा पंप. काम बंद आणि हरभऱ्याचा खुराक मात्र पूर्वीइतकाच, अशा घोड्यांमध्ये हे जास्त दिसतं. डॉक्टर प्रतिजैविक देतील, ते पूर्ण दिवस द्या. तिसऱ्या दिवशी सूज अर्धी झाली की इंजेक्शनं थांबवायची, हा मोह बहुतेकांना होतो. संसर्ग उलटला की लसवाहिन्या कायमच्या खराब होतात, पाय जन्मभर जाड राहतो आणि मग दर पावसाळ्यात तोच पाय सुजतो.

तुमच्या हातातलं काम असं. दिवसातून तीन-चार वेळा 15 ते 20 मिनिटं गार पाण्याची धार हॉकपासून खाली सोडा. बर्फ लावायचा तर फडक्यातून, थेट कातडीवर नाही. जखम असेल तर त्यावर जोराचा फवारा मारू नका, घाण आत जाते. धुतल्यावर पाय कोरडा करा, विशेषतः फेटलॉकच्या मागची घडी. खुराक निम्म्यावर आणा, हरभरा बंदच केलात तरी चालेल. गवत आणि कडबा पोटभर. सांध्याची जखम किंवा हाड मोडल्याची शंका डॉक्टरांनी काढून टाकली, की दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं हातात धरून मऊ जमिनीवर चालवा. त्याआधी नाही. आणि डाव्या, म्हणजे चांगल्या पायावर नजर ठेवा. सगळं वजन त्यावर पडून त्याचा खूर आतून सुटू शकतो. त्या खुराची गरमी आणि फेटलॉकमागचा ठोका रोज बघा. खाली जाड पेंढा किंवा लाकडाचा भुसा पसरा, सिमेंटची नुसती फरशी नको.

एक शक्यता सांगायलाच हवी, घाबरवण्यासाठी नाही. सुजलेल्या पायाच्या आतल्या बाजूनं माळेतल्या मण्यांसारख्या गाठी लागत असतील, त्या फुटून मधासारखा चिकट स्राव येत असेल, नाकातून घट्ट पू गळत असेल किंवा नाकपुडीत व्रण असतील, तर हात धुऊन बाजूला व्हा. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. 2006 मध्ये महाराष्ट्रातच त्यानं पुन्हा डोकं वर काढलं होतं. तो कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. रक्ताची खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अहवाल येईपर्यंत घोडी वेगळी ठेवा, तिची बादली, खरारा आणि लगाम दुसऱ्या घोड्याला वापरू नका, हातमोज्यांशिवाय गाठीला बोट लावू नका. मण्यांसारख्या गाठी एका बुरशीच्या आजारातही येतात. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून तपासणीशिवाय कोणी 'हे ते नाही' म्हणालं तरी ऐकू नका.

पाण्याची सूज दोन्ही मागच्या पायांना सारखी असती, गार असती आणि वीस मिनिटं चालवल्यावर उतरली असती, तर उत्तर एका ओळीत संपलं असतं : उभं राहून पाय भरले, रोज चालवा, खुराक कमी करा. तुमचं तसं नाही, एकच पाय आहे. पण उद्या चारही पाय आणि पोटाखालचा भाग भरलेला दिसला, हिरड्या फिक्या पडल्या, ताप येत-जात राहिला आणि खाऊनही घोडी वाळत चालली, तर सर्रा आठवा. गोमाश्यांमधून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा आजार आहे हा, आणि पावसाळ्यानंतरचे महिने त्याचेच. रक्ताचा नमुना ताप चढलेला असताना घेतला तर परजीवी सापडण्याची शक्यता जास्त.

जाड पाय आणखी एका कारणानं जाड असू शकतो, आणि वरातीच्या घोडीत ते विसरून चालणार नाही. घोडीला बाजूनं बघा. सूज सगळीकडून सारखी आहे, की नळीच्या फक्त मागच्या बाजूला केळ्यासारखा फुगवटा आहे? केळं दिसत असेल तर स्नायुबंधाचे तंतू तुटलेत. पाय उचलून वाकवा आणि नळीच्या मागचे दोन दोर अंगठा आणि बोटात एकेक धरून वरून खाली दाबत या. निरोगी दोर ताणलेल्या सुतळीसारखे वेगवेगळे लागतात. दुखावलेला दोर मऊ, जाड आणि दुखरा लागतो. त्यांच्यापुढे, हाडाला चिकटून तिसरा दोर आहे. मागच्या पायांवर उभं करून नाचवल्या जाणाऱ्या घोडीत तो सगळ्यात जास्त ताण खातो. तपासणी सोनोग्राफीची, इलाज महिन्यांच्या विश्रांतीचा. मोठा स्नायुबंध असेल तर नऊ महिने ते वर्ष. 'थोडीशीच सूज आहे' म्हणून चार वराती केल्या की थोडासा तुटलेला दोर पूर्ण तुटतो.

आता मऊ फुगे. फेटलॉकच्या वर, दोन्ही बाजूंना, दोन्ही मागच्या पायांना, दोन-तीन महिन्यांपासून. लंगडणं नाही, गरमी नाही. याला इंग्रजीत विंडगॉल म्हणतात. नावात वारा असला तरी आत वारा नसतो, सांध्याचं किंवा स्नायुबंधाच्या पिशवीचं जादा वंगण असतं. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं फुगतो, पाय उचलला की मऊ पडतो. फुगा नळीच्या हाडाला खेटून पुढे असेल तर तो सांध्याचा, मागे दोरांच्या शेजारी असेल तर स्नायुबंधाच्या पिशवीचा. मागचा जास्त दिसतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. पुढचा असेल तर सांध्याच्या झिजेकडे लक्ष द्यावं लागतं. कडक रस्त्यावरचं काम, नाचवणं, आणि वेळेवर न कापल्यामुळे पुढे वाढलेलं खूर, ही नेहमीची कारणं. आपल्या शहरात आता गल्लीबोळांतही सिमेंटचे रस्ते आहेत आणि नाल लावलेल्या पायाला सिमेंट डांबरापेक्षाही निर्दय.

सुई टोचून पाणी काढून घ्यावं, असं कोणी सुचवेल. काढू नका. आठवड्यात पुन्हा भरतं, आणि सुईबरोबर जंतू गेले तर वर सांगितलेली सांध्याची भानगड आपणच ओढवून घेतलेली. फुग्यावर इलाज करण्यापेक्षा त्याची नोंद ठेवणं कामाचं आहे. शिवणकामाच्या टेपनं फेटलॉकच्या बरोबर वर दोन्ही पायांचा घेर मोजा, दर रविवारी, सकाळी, चालवण्याआधी. दोन्ही बाजूंचा फरक वाढायला लागला, एक फुगा चेंडूसारखा ताठ झाला, गरम लागला किंवा सांधा वाकवताना घोडीनं पाय ओढून घेतला, तर तो 'जुना फुगा' राहिला नाही. म्हणूनच उजव्या पायाचा फुगा आज डाव्याशी ताडून बघा. सूज त्या फुग्याभोवती जास्त असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, काटा नेमका त्या पिशवीत गेलेला असू शकतो.

समोरची सुपारी बहुतेक जुनी आहे. नळीच्या मुख्य हाडाच्या मागे दोन्ही कडांना एकेक बारीक हाड असतं, मुख्य हाडाला पक्क्या बंधानं जोडलेलं. आतल्या बाजूच्या हाडावर भार जास्त येतो. दोन ते पाच वर्षांच्या वयात जास्त काम घेतलं, दगड लागला किंवा स्वतःचाच दुसरा खूर लागला, की तो बंध दुखावतो आणि शरीर तिथे हाड भरतं. जुने सईस पायावरच्या कुठल्याही टणक गाठीला सरसकट हड्डा म्हणतात. खरा हड्डा म्हणजे हॉकच्या आतल्या, खालच्या कडेचा. त्यानं घोडी आखडते. तुमची गाठ ती नव्हे, हिला स्प्लिंट म्हणतात. पाय उचला, गुडघा वाकवा, अंगठ्यानं गाठीवर आणि तिच्या वर-खाली दाबा. गार आणि न दुखणारी असेल तर सोडून द्या. नऊ वर्षांच्या घोडीत ती बहुधा जन्मभराची सोबतीण आहे, दिसायला वाईट एवढंच. दाबल्यावर दुखली तर ताजी आहे : सुरुवातीचे तीन दिवस गार पाणी आणि किमान सहा आठवडे कडक जमिनीवर काम नाही. उजव्या पुढच्या नालेच्या आतल्या कडेला केस चिकटलेले दिसले किंवा गाठीवर ओरखडे असले, तर एक पाय दुसऱ्याला लागतो आहे. नालबंदाकडून नालेची आतली कड घासून घ्या. अशीच गाठ पायाच्या बाहेरच्या बाजूला, दुसऱ्या घोड्यानं लाथ मारल्यावर आली तर बारीक हाड मोडलेलं असू शकतं, तिथे एक्स-रे हवाच.

बाकीच्या गाठी तुमच्या घोडीला नाहीत, पण शेजारच्या दावणीत दिसतील. हॉकच्या पुढच्या-आतल्या बाजूला मऊ फुगा म्हणजे मोतरा. हॉकच्या टोकावर किंवा कोपरावर लोंबणारी मऊ पिशवी दुखण्यापेक्षा बिछान्याची तक्रार असते : उघड्या फरशीवर बसून, भिंतीवर लाथा मारून, नालेची टाच कोपराला टोचून ती येते. जाड पेंढा घाला. फेटलॉक आणि खूर यांच्या मधे टणक कंगोरा आला आणि घोडी आखडत चालायला लागली तर सांध्याची झीज. जखम महिनोन्महिने भरत नाही, वर लाल मांस उसळतं, त्यात तांदळाच्या कणीसारखे पिवळे दाणे निघतात आणि हिवाळ्यात आपोआप कमी होतं : ती बरसाती. माश्यांवाटे जखमेत बसलेल्या कृमींच्या अळ्यांनी होते. मलमानं हटत नाही, डॉक्टरांकडून कृमींचं औषध घ्यावं लागतं आणि जखम माश्यांपासून झाकून ठेवावी लागते.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. फोड येतात, पाणी सुटतं, पाय आणखी सुजतो, आणि बरं झाल्यावर तिथे पांढरे केस उगवतात. जंतुसंसर्ग झालेल्या पायावर ते लावणं म्हणजे जंतूंना नवीन दार उघडून देणं. तापल्या लोखंडाच्या डागाचंही तेच. 'पूर्वी गुण यायचा' हे खोटं नाही, पण गुण डागाचा नव्हता. डागलेला घोडा दोन-तीन महिने कामाला लावता येत नसे, त्या विश्रांतीचा होता. विश्रांती न भाजताही देता येते.

गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि नाव वाचा. डायक्लोफिनॅक असेल तर ते जनावरांसाठी आपल्या देशात 2006 पासून बंद आहे, मेलेलं जनावर खाणारी गिधाडं त्यानं मरतात. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असेल तर सूज दोन दिवसांत उतरेल आणि संसर्ग फोफावेल. शिवाय स्टेरॉईडनं खूर आतून सुटण्याचा धोका वाढतो. घोड्याचं म्हणून जे वेदनाशामक मिळतं तेही दोन प्रकारचं एकत्र किंवा कमी पाणी पिणाऱ्या घोडीला दिलं तर पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडाला मार बसतो. डॉक्टर तपासेपर्यंत कोणतीच गोळी नको.

पट्टी बांधायची का? उजव्या पायाला डॉक्टरांनी बघेपर्यंत नाही. नंतर सांगितलं तर अशी : आधी कापसाचा रोल दाबून इंचभर जाड थर, गुडघ्याच्या किंवा हॉकच्या खालपासून फेटलॉकच्या खालपर्यंत. त्यावर क्रेप बँडेज, प्रत्येक फेऱ्यात आधीच्या पट्टीचा निम्मा भाग झाकत, सगळीकडे सारखा ताण. पट्टीखाली एक बोट जेमतेम जायला हवं. गाठ किंवा क्लिप नळीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, मागच्या दोरांवर कधीच नाही. कापूस कमी आणि पट्टी घट्ट झाली तर दोरांना इतका दाब बसतो की निरोगी पायावर केळं उगवतं. दर बारा तासांनी सोडून पुन्हा बांधा, आणि जोडीच्या पायालाही बांधा.

घोडीला चालवत नेऊ नका. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा. एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागली तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गाडीनं न्या. गाडीचा फळा कमी उताराचा असावा, खाली पेंढा, बाजूला टेकायला आडवा बांबू. सोबत एक कागद ठेवा : सूज कोणत्या दिवशी दिसली, रोजचा ताप, कोणती गोळी कधी दिली, नाल कधी बसवली, दोन्ही पायांचा घेर, आणि रोज एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून काढलेला फोटो मोबाइलमध्ये.

सीझनचं बोलायचं तर तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त सोडून द्या, ॲडव्हान्स घेतला असेल तर दुसरी घोडी लावा. सूज पूर्ण उतरून, औषधं थांबून, दोन आठवडे घोडी सपाट कडक जमिनीवर सैल दोरीनं दुडकी चालताना सरळ चालली पाहिजे. मागून बघा : दुखऱ्या बाजूचं पुठ्ठं दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतं. पहिले दहा दिवस फक्त चालणं, वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत. मग पाठीवर वजन. वजनाचा अंदाज साधारण असा ठेवा की साज धरून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. साडेतीनशे किलोच्या घोडीला म्हणजे सत्तर किलो, आणि नवरदेव, त्याच्या पुढ्यात बसवलेला भाचा आणि चांदीचा साज मिळून तेवढ्यात बसत नाहीत. भाच्याला खाली उतरवा. आणि डीजेसमोर तिला मागच्या पायांवर उभी करायची मागणी आली तर या वर्षी 'घोडी नाचत नाही' असं बुकिंगच्या वेळीच सांगून टाका.